परदेशी निघालेल्या प्रचारकाची शिदोरी

धर्मप्रचारासाठी परमुलखात गेलेल्या माणसाची व्याख्याने छापली जातात, त्याने केलेल्या वादविवादांच्या आठवणी निघतात, किती जणांना त्याने आपल्या पंथात घेतले याचे आकडेही मागे राहतात. पण सकाळी उठल्यापासून रात्री पाठ टेकीपर्यंत त्याचा दिवस कसा जात असे, तो काय खात असे, खोलीचे भाडे कोण देत असे, थंडीत अंगावर काय घालीत असे, याची हकीकत फारशी कोणी लिहून ठेवीत नाही. वस्तुतः परदेशातील प्रचारकाचे यशापयश पुष्कळदा याच किरकोळ वाटणाऱ्या गोष्टींवर ठरते. निघण्यापूर्वी त्या दिवसांचे जे चित्र त्याच्या मनात असते, त्याचा आणि पुढे प्रत्यक्षात वाट्यास येणाऱ्या दिवसांचा मेळ क्वचितच बसतो.

अमेरिकेतील मॉर्मन पंथाचे तरुण आजही अशा कामगिरीवर जगभर जातात. तरुणांची मुदत दोन वर्षांची आणि तरुणींची दीड वर्षाची असते. कोणत्या देशी जावयाचे हे त्यांनी स्वतः निवडावयाचे नसते. पंथाच्या वडीलधाऱ्यांकडून येणाऱ्या पत्रावरून ते कळते. जोडीदारासह राहावयाचे, नेमून दिलेल्या दिनचर्येने दिवस काढावयाचा, खर्चाचा भार बहुतांशी स्वतः व घरच्यांनी सोसावयाचा आणि निघण्यापूर्वी प्रशिक्षण केंद्रात भाषेची व शिकवणीची उजळणी करावयाची, असा त्यांचा शिस्तीचा क्रम आहे. पत्र हाती पडल्यावर त्या मुलांच्या घरी धर्मतत्त्वांच्या जोडीने बूट, स्वेटर, पिण्याचे पाणी आणि पोटाचे विकार यांचीही चर्चा होत असणार, आणि त्यात गैर काहीच नाही. धर्म सांगावयास निघालेल्या माणसासही भूक लागते.

अशी कोणतीच चर्चा न करता, अशी कोणतीच तयारी हाताशी नसता, परदेशी गेलेला एक प्रचारक निघण्यापूर्वी सुमारे सात महिने बेळगावात राहून गेला. पुढे विवेकानंद या नावाने जगास ठाऊक झालेला हा संन्यासी १८९२ सालच्या ऑक्टोबर महिन्यात एके दिवशी सकाळी सहाच्या सुमारास तेथील वकील सदाशिवराव भाटे यांच्या दारी आला. त्याच्या हाती कोल्हापूरच्या महाराजांचे खाजगी कारभारी गोळवलकर यांची चिठ्ठी होती. भाटे यांच्या घरी तो सुमारे तीन दिवस राहिला. त्यानंतर वनखात्यातील अधिकारी हरिपद मित्र यांच्याकडे नऊ दिवस. भाटे यांचे घर रिसालदार गल्लीत होते आणि मित्र यांचे बिऱ्हाड किल्ल्यात. किल्ल्यातील त्या जागी आता रामकृष्ण मिशनचा आश्रम आहे. या बारा दिवसांच्या आठवणी भाटे यांचे चिरंजीव, पुढे प्राध्यापक झालेले जी. एस. भाटे यांनी, आणि स्वतः हरिपदबाबूंनी लिहून ठेविल्या आहेत. दोघांच्याही आठवणींत तत्त्वचर्चेच्या बरोबरीने खाणे, कपडे, पैसा यांविषयीचे बारकावे आले आहेत, आणि येथे विचार करावयाचा आहे तो त्यांचाच.

प्रथम भाटे यांच्या घरातील आश्चर्य. पाहुण्याची वस्त्रे भगवी होती खरी, पण संन्याशाने उघड्या अंगाने बसावे असा लोकांचा संकेत असता हा अंगात बंडी घालीत असे. हाती दंडाऐवजी फिरावयास जाताना लोक घेतात तशी लांब काठी होती. सामान म्हणजे एक कमंडलू, गीतेची लहानशी प्रत आणि आणखी एकदोन पुस्तके. तो इंग्रजीत बोलत असे, आणि त्या घरच्या मुलाने पाठ म्हणताना अष्टाध्यायीतील सूत्रे चुकविली तर हसतहसत ती सुधारून देत असे. पहिल्याच दिवशी जेवण झाल्यावर त्याने पानसुपारी मागितली आणि मग खाण्याची तंबाखूही मागितली. पुढे तंबाखूच्या पिकासाठी नावाजलेल्या निपाणीच्या या मुलखात तंबाखूचे कोणास नवल वाटण्याचे कारण नव्हते. नवल वाटले ते ती संन्याशाने मागावी याचे. आपण ब्राह्मण नाही हेही त्याने सांगून टाकले होते. आपल्या गुरूंच्या सहवासाने आपले आयुष्य पालटले, परंतु या बारीकसारीक सवयी मात्र उरल्या आहेत आणि त्या निरुपद्रवी असल्यामुळे आपण त्यांच्याशी झगडत बसलो नाही, असा त्याचा खुलासा होता. साधुत्वाचा देखावा करून यजमानास खूश करण्याची संधी त्याने पहिल्याच जेवणानंतर घालविली असे म्हणावयास हरकत नाही.

शाकाहार की मांसाहार, असा प्रश्न त्यास साहजिकच विचारण्यात आला. त्यावर त्याने दिलेले उत्तर पुढील साऱ्या हकीकतीची किल्ली आहे. आपण परमहंसांच्या परंपरेतील आहोत. त्या परंपरेच्या संन्याशास निवडीचा अधिकार नसतो. समोर येईल ते त्याने खावे आणि काहीच आले नाही तर उपाशी राहावे, असे त्याने सांगितले. हिंदूंखेरीज इतरांच्या हातचे चालते काय, असे विचारता मुसलमानांच्या घरी आपण अनेकदा जेवलो आहोत, असेही त्याने सांगितले.

हे उत्तर १८९२ मध्ये एका महाराष्ट्रीय ब्राह्मणाच्या घरात दिले गेले हे ध्यानात घ्यावयास हवे. १८९० च्या ऑक्टोबरात पुण्याच्या पंचहौद मिशनमध्ये काही प्रतिष्ठित मंडळी एका समारंभास गेली होती. त्यांच्यापुढे चहा-बिस्किटे आली. कोणी घेतली, कोणी घेतली नाहीत. पण हजर असलेल्यांची नावे वर्तमानपत्रात झळकली आणि त्यावरून जे ग्रामण्य उभे राहिले ते दोन वर्षे धुमसत होते. टिळक आणि रानडे यांच्यासारख्यांनाही या कपभर चहापायी प्रायश्चित्ताच्या वादातून जावे लागले. ज्या समाजात मिशनच्या आवारातील चहा इतका महाग पडत होता, त्या समाजातील माणसाने समुद्र ओलांडून परक्यांच्या घरी राहून, त्यांचेच अन्न खाऊन त्यांना धर्म सांगावा, ही कल्पनाच अवघड होती. जातीच्या पंक्तीतून उठलेला मनुष्यच परदेशी प्रचारक होऊ शकत होता, आणि हा संन्यासी त्या पंक्तीतून केव्हाच उठला होता.

गंमत अशी की, जे समोर येईल ते खावे हा नियम ख्रिस्ती धर्मग्रंथातही आहे. येशूने आपले शिष्य गावोगाव पाठविले तेव्हा थैली व झोळी बरोबर घेऊ नये, ज्या घरी स्वागत होईल तेथे राहावे आणि पुढे वाढतील ते खावे, अशी आज्ञा त्याने त्यांना दिली, असे लूकच्या शुभवर्तमानात सांगितले आहे. या आज्ञेचा अक्षरशः अर्थ घेणारे पंथ पुष्कळ झाले. एकोणिसाव्या शतकातील मॉर्मन त्यांपैकी एक. पण हा नियम चालावयास खाणाऱ्याची निष्ठा पुरत नाही. वाढणाराही तयार असावा लागतो. याच ठिकाणी बेळगावचे महत्त्व लक्षात येते.

हा संन्यासी पैशास शिवत नसे. त्याच वर्षी मुंबईहून पुण्यास जाताना आगगाडीच्या डब्यात त्याची लोकमान्य टिळकांशी गाठ पडली आणि तो टिळकांच्या घरी काही दिवस राहिला. टिळकांनी पुढे सांगितलेल्या आठवणीप्रमाणे मृगाजिन, एकदोन वस्त्रे आणि कमंडलू एवढाच त्याचा संसार होता. जवळ पैसा नव्हता. जेथे जावयाचे तेथील तिकीट कोणीतरी काढून देत असे. कोल्हापूरच्या राणीसाहेबांनी काहीतरी स्वीकारावे म्हणून फार आग्रह केला तेव्हा त्याने दोन भगवी वस्त्रे घेतली आणि अंगावरची जुनी तेथेच टाकली, कारण संन्याशाचे ओझे जितके कमी तितके बरे. बेळगावातून निघताना त्याचे तिकीट हरिपदबाबूंनी काढले आणि तो गोव्याकडे गेला.

पैशाशिवाय हा प्रवास चालत होता तो कशाच्या बळावर? भावनगरच्या दरबाराकडून कोल्हापुरास चिठ्ठी, कोल्हापूरच्या कारभाऱ्यांकडून बेळगावच्या वकिलास चिठ्ठी, अशी ती साखळी होती. चिठ्ठी नसली तरी भगवे वस्त्र हीच चिठ्ठी. दारी आलेल्या अतिथीस विन्मुख पाठवू नये, संन्याशास भिक्षा घालावी, विद्यार्थ्यास माधुकरी द्यावी, हा येथील गृहस्थाश्रमाचा नेम होता. देणाऱ्यास त्यात उपकार वाटत नसे आणि घेणाऱ्यास लाज वाटत नसे. या व्यवस्थेला तिचे स्वतःचे कायदेही होते. संन्याशाने गावात एक दिवस आणि शहरात तीन दिवसांहून अधिक राहू नये, हा त्यांपैकी एक. हरिपदबाबूंनी त्यास आपल्या घरी येण्याचा आग्रह केला तेव्हा त्याने लगेच होकार दिला नाही. महाराष्ट्रीय यजमानाकडे आपण आनंदात आहोत. केवळ बंगाली मनुष्य भेटला म्हणून उठून गेलो तर त्यांच्या मनास लागेल, असे तो म्हणाला. परक्याच्या घरी राहणाऱ्या प्रचारकास व्याख्यानकलेपेक्षा ही जाणीव अधिक उपयोगी पडते. हरिपदबाबूंना प्रथम हा कोणी भोंदू असावा असे वाटले होते. नऊ दिवसांनंतर त्यांनी व त्यांच्या पत्नी इंदुमती यांनी त्याच्याकडून दीक्षा घेतली.

या मुक्कामात शिकागोचा विषय निघाला. तेथे भरणाऱ्या सर्वधर्मपरिषदेस जाण्याचा आपला विचार असल्याचे त्याने हरिपदबाबूंना सांगितले. ते आनंदले आणि वर्गणी गोळा करण्याची तयारी त्यांनी दाखविली. पण त्याने ती घेतली नाही. बेळगावातील चर्चांमध्ये मात्र तो एका परीने पुढील कामाची तालीमच करीत होता. वकील, पंडित आणि सरकारी नोकर भाटे यांच्या माडीवर जमत. गावातील सर्वांत बहुश्रुत गणले जाणारे एक एंजिनियर वादात चिडून जात आणि हा शांत राही, असे धाकट्या भाटे यांनी नमूद केले आहे. डिकन्सच्या पिकविक पेपर्समधील मजकूर त्याने तोंडपाठ म्हणून दाखविला तेव्हा हरिपदबाबू चकित झाले. इंग्रजी वाङ्मय, संस्कृत व्याकरण, आडव्या प्रश्नांस तत्काळ उत्तर देण्याची हातोटी ही शिदोरी बेळगावातच भरलेली दिसत होती. पैसा, कपडे, हवामान आणि पत्ते यांचा मात्र त्या शिदोरीत पत्ता नव्हता.

परदेशी प्रचारकाचे जीवन कसे असते हे पाहावयास बेळगावकरांना दूर जावे लागत नव्हते. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर हे बल्लारीहून बेळगावात आले ते १८२० साली. बेनन यांचे नाव पुढे तेथील शाळेस मिळाले. परंतु या मंडळींना स्वदेशातून वेतन येत असे, बंगला असे, आणि गावात छावणी असल्यामुळे स्वभाषा बोलणारा शेजारही असे. त्यांची खरी अडचण भाषेची होती, आणि बेळगावात ती दुहेरी. पेठेत मराठी आणि भोवतालच्या खेड्यांत कानडी, असा हा मुलूख. अन्नवस्त्राची विवंचना मात्र त्यांच्या वाट्यास तितकी नव्हती.

बिनपैशाचा प्रयोग महाराष्ट्रात करून पाहिला तो मॉर्मनांनी. ह्यू फिंडले नावाचा त्यांचा प्रचारक १८५१ साली मुंबईस उतरला आणि पुढे पुण्याच्या छावणीत काम करू लागला. १८५३ साली त्यांची आणखी एक तुकडी कलकत्त्यास आली. हे लोक थैली-झोळीवाचून निघालेले होते. अमेरिकेत आणि इंग्लंडात हा क्रम त्यांना साधला होता, कारण तेथे शेतकऱ्याच्या घरी एक रात्र काढणे व त्याच्याच भाषेत त्यास उपदेश करणे शक्य होते. हिंदुस्थानात गोऱ्या मनुष्याने पायी हिंडून जेवण मागावे हे गोऱ्या अंमलदारांस कमीपणाचे वाटे, आणि एतद्देशीय गृहस्थास तो राज्यकर्त्यांच्या जातीचा साहेब दिसे, अतिथी दिसत नसे. शिवाय त्यास पंक्तीस घ्यावे तर धर्म आड येई. त्यांच्या श्रद्धेत उणे नव्हते. भगव्या वस्त्राप्रमाणे दार उघडणारी खूण त्यांच्यापाशी नव्हती, एवढेच. १८५६ पर्यंत तो सारा उद्योग आटोपला.

मॉर्मनांना हिंदुस्थानात जे अनुभवास आले तेच या संन्याशास अमेरिकेत उलट बाजूने अनुभवावे लागणार होते. मद्रासच्या तरुण शिष्यांनी, विशेषतः अळसिंगा पेरुमाळ यांनी, दारोदार हिंडून पैसे जमविले. खेतडीच्या राजांनी मदत केली आणि रेशमी झगा व फेटा यांची सोय केली. ३१ मे १८९३ रोजी मुंबईहून बोट निघाली. ज्याने नवी वस्त्रे मिळताच जुनी टाकून दिली होती त्यास आता ट्रंका, पेट्या आणि कपडे सांभाळावे लागले, आणि ते त्यास फार जड गेले. कोलंबो, सिंगापूर, हाँगकाँग, योकोहामा करीत तो पॅसिफिक ओलांडू लागला तेव्हा भर जुलैत थंडीने काकडून गेला. गरम कपडे बरोबर घ्यावेत हे कोणासच सुचले नव्हते. मद्रासकडील मंडळींना थंडी ती कितीशी ठाऊक असणार!

जुलैच्या अखेरीस शिकागोस पोहोचल्यावर कळले की परिषद ११ सप्टेंबरला आहे, प्रतिनिधींची नोंदणी संपलेली आहे आणि कोणत्याही संस्थेच्या शिफारसपत्रावाचून प्रवेश नाही. २० ऑगस्टला त्याने अळसिंगांना जे पत्र लिहिले ते परदेशी निघणाऱ्या कोणत्याही प्रचारकाने वाचावे असे आहे. त्यात वेदान्त थोडा आणि हिशेब फार. बरोबर दिलेले १७० पौंड नोटांत व ९ पौंड रोख, त्यांतून उरले १३०. दिवसाचा सरासरी खर्च एक पौंड. एका चिरुटास आपल्याकडील आठ आणे पडतात. साधा मजूर दिवसास नऊदहा रुपये मिळवितो आणि तितकेच खर्चितो. विचित्र पोशाखामुळे रस्त्यात माणसे जमतात आणि हुर्यो करतात. हिवाळा तोंडावर आला आहे आणि गरम कपडे करावयाचे तर त्यालाच मोठी रक्कम लागेल. निघण्यापूर्वी रंगविलेली सुखद चित्रे वितळून गेली आणि देश सोडून परतावे असे शंभरदा मनात आले, हेही त्यात त्याने लपविलेले नाही. बेळगावात वर्गणी नाकारणाऱ्या माणसास दहा महिन्यांच्या आत पौंडांचा हिशेब मांडावा लागला, यात त्याचा पराभव पाहण्याचे कारण नाही. ज्या देशात दिवसाची किंमत पैशात मोजली जाते तेथे पैशास न शिवण्याचे व्रत पाळणे म्हणजे कोणातरी दुसऱ्याच्या खिशावर राहणे होय, हे त्यास तत्काळ उमगले.

याआधी दहा वर्षे आनंदीबाई जोशी याच अमेरिकेस गेल्या होत्या, आणि त्यांच्या तयारीशी ही तुलना करून पाहण्यासारखी आहे. त्यांचे पती गोपाळराव कोल्हापुरास असताना त्यांनी तेथे पूर्वी राहिलेले मिशनरी वाइल्डर यांच्याशी पत्रव्यवहार केला. तो अमेरिकेतील एका मिशनरी मासिकात छापला गेला आणि न्यू जर्सीतील कार्पेंटरबाईंच्या वाचनात आला. (पंचहौद मिशनच्या चहाचे प्रकरण रचणारे तेही हेच गोपाळराव.) पुढे आनंदीबाई व कार्पेंटरबाई यांची पत्रे तीनएक वर्षे चालली. १८८३ च्या एप्रिलात कलकत्त्याहून निघालेल्या आनंदीबाई जूनमध्ये न्यूयॉर्कास उतरल्या तेव्हा त्यांना मावशी म्हणावे असे माणूस आणि राहावयास घर तयार होते. एवढे असूनही शाकाहार, लुगडे आणि फिलाडेल्फियाची थंडी यांनी त्यांची प्रकृती पोखरली. १८८६ मध्ये पदवी घेऊन त्या परतल्या आणि १८८७ च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. त्यांचे वय तेव्हा बावीसही पुरे नव्हते. आनंदीबाईंना घर होते पण आहाराचे नियम सुटत नव्हते. विवेकानंदांना आहाराचे बंधन नव्हते, पण घर नव्हते. परदेशवासात यांपैकी कोणते उणे अधिक घातक, याचा निवाडा त्या दोन आयुष्यांवरून थोडासा होतो.

ते घर विवेकानंदांना मिळाले तेही बेळगावच्याच रीतीने म्हणावे लागेल. आगगाडीत ओळख झालेल्या एका बाईंनी त्यांना बॉस्टनजवळच्या आपल्या घरी बोलाविले. त्यात रोजचा एक पौंड वाचतो आणि हिंदुस्थानातून आलेली एक नवलाची चीज म्हणून मित्रमंडळींस दाखविण्याची त्या बाईंची सोय होते, असे विवेकानंदांनीच मिस्किलपणे लिहिले आहे. तेथे हार्वर्डमधील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट भेटले. त्यांनी परिषदेच्या चालकांना पत्र दिले आणि शिकागोचे तिकीटही काढून दिले. गोव्याचे तिकीट काढणारे हरिपदबाबू आणि शिकागोचे तिकीट काढणारे राइट यांच्यामध्ये एक वर्षही लोटले नव्हते.

शिकागोस उतरल्यावर मात्र पत्ता हरवला. रात्र रेल्वेच्या आवारातील एका रिकाम्या वाघिणीत काढावी लागली. सकाळी त्यांनी जे केले ते बेळगावात, पुण्यात किंवा काशीत कोणत्याही संन्याशाने केले असते: श्रीमंतांच्या वस्तीतील दारे ठोठावून अन्न आणि वाट विचारली. मळलेली वस्त्रे पाहून नोकरांनी दारे लावून घेतली. तेथे भगवा रंग कोणासच वाचता येत नव्हता. थकून ते रस्त्याच्या कडेला बसले असता समोरच्या घरातून हेलबाई बाहेर आल्या, आपण धर्मपरिषदेचे प्रतिनिधी आहात काय असे त्यांनी विचारले आणि घरात नेले. हे घर पुढे अमेरिकेतील त्यांचे हक्काचे बिऱ्हाड झाले. तेव्हा अतिथीस घरात घेणे अमेरिकेत अज्ञात होते असे नव्हे. येथे तो समाजाचा नेम होता आणि तेथे एकेका व्यक्तीच्या मनाचा चांगुलपणा, इतकाच भेद. पण त्या भेदामुळेच प्रचारकास तेथे नेमावर भरवसा ठेवून घराबाहेर पडता येत नव्हते.

११ सप्टेंबरच्या व्याख्यानाची कथा सर्वश्रुत आहे. त्यानंतरचे दिवस तितके सर्वश्रुत नाहीत. एका व्याख्यानसंस्थेशी करार करून ते गावोगाव हिंडले. आज हे शहर, उद्या ते, रोज नवे यजमान आणि रोज तेच प्रश्न. पैसा मिळाला, पण धर्म तिकीट लावून सांगण्याचा वीट आला आणि १८९४ मध्ये त्यांनी तो करार सोडविला. १८९५ च्या आरंभी न्यूयॉर्कमध्ये साध्या वस्तीत खोल्या घेऊन त्यांनी वर्ग सुरू केले. शिकविण्याचे मोल घ्यावयाचे नाही, भाड्यापुरते लोक स्वखुशीने देतील ते घ्यावयाचे, असा क्रम ठेविला. विद्यार्थी जमिनीवर, जिन्यावर, मिळेल तेथे बसत. स्वयंपाकाची त्यांना मुळातच हौस होती, त्यामुळे पुष्कळदा ते स्वतःच रांधीत. कपड्यांचा प्रश्न त्यांनी पहिल्याच महिन्यात ओळखला होता: रस्त्यावर लांब काळा कोट आणि व्याख्यानाच्या वेळी भगवा झगा व फेटा. भाटे यांच्या घरी बंडी घातलेल्या संन्याशाला हे फारसे अवघड गेले नसावे. वेष कोठे उपयोगी पडतो आणि कोठे नुसती गर्दी जमवितो, हे कळणे हाही प्रचारकाच्या शिक्षणाचा भाग आहे.

आपण ज्या अज्ञानात निघालो त्याच अज्ञानात मागून येणाऱ्याने निघू नये, याची काळजी मात्र त्यांनी घेतली. इंग्लंडातील कामासाठी गुरुबंधूंपैकी कोणीतरी यावे म्हणून १८९५ नंतर त्यांनी जी पत्रे धाडली त्यांत उपदेशाच्या जोडीने बोटीचे तिकीट आणि गरम कपडे यांच्याही सूचना आहेत. त्याप्रमाणे स्वामी सारदानंद १८९६ च्या एप्रिलात लंडनला पोहोचले. ते उतरले स्टर्डी नावाच्या इंग्रज स्नेह्याच्या घरी, आणि ती जागा निघण्यापूर्वीच ठरलेली होती.